हा आमचा नाही

थंडोबा हे नाव त्याला कामावरच्या लोकांनी दिलं होतं. एक तर तो कोल्ड स्टोरेजची यंत्रं दुरुस्त करायचा, आणि दुसरं म्हणजे आभाळ कोसळलं तरी आधी हातातला पाना पुसून पेटीत ठेवेल आणि मगच वर बघेल, असा त्याचा स्वभाव. घरी मात्र त्याला या नावाने कुणी हाक मारत नसे. बायको 'अहो' म्हणायची, सासूबाई 'जावईबापू', आणि बायकोचा धाकटा भाऊ 'भाऊजी'.

हा धाकटा भाऊ म्हणजे भिंगरी. एका जागी टेकणं त्याला माहीतच नव्हतं. खुर्चीवर बसवला तरी त्याचा एक पाय हलत असायचा, म्हणून लहानपणीच भिंगरी नाव पडलं आणि मिशी फुटल्यावरही सुटलं नाही. सासरे गेल्यावर सासूबाई आणि तो थंडोबाकडेच राहायला आले होते. एका सकाळी भिंगरी छापखान्यात कामाला जायला निघाला, जिन्यावरून "ताई, येताना लाइटचं बिल भरून येतो गं" असं ओरडला, आणि छापखान्यात पोचलाच नाही. घरीही आला नाही. भांडण झालं नव्हतं. कुणा मुलीचं प्रकरण नव्हतं, निदान कुणाला ठाऊक असलेलं तरी नव्हतं. धडधाकट पोरगा जिना उतरला आणि संपला.

सुरुवातीला थंडोबा पोलीस ठाण्यात खेटे घालत राहिला. तिथे बेपत्ता माणसांचं टेबल एका बाईंकडे होतं. बोलायला कडक, पण मनाने वाईट नव्हत्या. कुठेही बेवारस मृतदेह सापडला की त्याचा फोटो त्यांच्याकडे यायचा, आणि वयाचा मेळ बसत असेल तर त्या थंडोबाला बोलावून घ्यायच्या. तो अर्धी रजा टाकून जायचा, फोटो बघायचा, मान हलवायचा आणि परत यायचा.

एकदा बाईंचं लक्ष त्याच्या पट्ट्याला अडकवलेल्या फोनकडे गेलं.

"यावर मेल येतो म्हणतात ना?"

"येतो. कंपनीने दिलाय. यंत्रांचे नकाशे पाठवतात."

"फोटो उघडतो?"

"उघडतो. वेळ खातो, पण उघडतो."

"मग पत्ता लिहून द्या मला. दर वेळी एवढ्या लांबून कशाला येता? मी पाठवत जाईन, तुम्ही हो-नाही कळवा."

थंडोबाला ती सोय वाटली. तशी ती होतीच.

त्या काळात बहुतेकांचे फोन बोलायला आणि फार तर दोन ओळींचा मेसेज करायला असत. थंडोबाचा फोन साबणाच्या वडीएवढा होता. खाली इंग्रजी अक्षरांची बारीक बारीक बटणं, बाजूला अंगठ्याने फिरवायचं एक चाक. मेल आला की तो थरथरायचा. मजकुराखाली कागदाच्या पिनेचं चिन्ह दिसलं की सोबत काहीतरी जोडलंय असं समजायचं. ते जोडलेलं आधी कुठल्यातरी दूरच्या कॉम्प्युटरवर जाऊन फोनला पेलेल एवढं लहान व्हायचं, आणि मग पट्ट्यापट्ट्यांनी यायचं. आधी वरची पट्टी, मग तिच्याखालची. पडद्यात सगळं एकदम मावत नसे. पुढचं बघायला चाक फिरवायचं, आणि फिरवलं की पुन्हा वाट बघायची. यंत्राचा नकाशा असा उघडताना थंडोबा मजेत असायचा. "हा बघ, पंखा आला. आता खाली पाइप येतो की नाही बघ," असं गाडीच्या ड्रायव्हरला सांगायचा, आणि पाइप आला की जणू त्यानेच तो बसवला असं तोंड करायचा.

माणसाचा चेहराही तसाच यायचा.

आधी नुसती फरशी, नाहीतर पत्र्याच्या टेबलाची कड. मग केस. मग कपाळ. मग फोन थबकायचा. रेंज नसली तर चांगलाच थबकायचा. कपाळ आणि डोळे यांच्यामध्ये जो वेळ जाई, तेवढ्यात थंडोबा भिंगरीला मारून पुन्हा जिवंत करत असे. मग भुवया, मिटलेले डोळे, नाक. आणि तो भिंगरी नसे. थंडोबाचा श्वास मोकळा व्हायचा, आणि लगेच त्या मोकळ्या श्वासाची त्याला लाज वाटायची, कारण समोर कुणीतरी मेलेलं असायचंच. फोनला देवनागरी येत नव्हती. इंग्रजी अक्षरं जुळवून तो लिहायचा, 'हा आमचा नाही', आणि मेल पुसून टाकायचा. फोनमध्ये जागा थोडी होती. आणि असली तरी असं कुणाला घरात कोण ठेवतं?

घरी तो या फोटोंबद्दल चकार शब्द काढत नसे. फोन थरथरला आणि पाठवणारं नाव ठाण्याचं दिसलं की गॅलरीत जाऊन उभा राहायचा. बायकोला माहीत होतं, पण ती विचारत नव्हती. सासूबाईंना काही कळू द्यायचं नाही, असं दोघांनी न बोलताच ठरवलं होतं.

पुसलेले मेल फोनमधून जायचे, पण थंडोबाच्या डोक्यातून जाईनात. सुरुवात जिन्यापासून झाली. तो खाली उतरत असताना कुणी वर येत असेल तर आधी त्याचे केस दिसायचे, मग कपाळ, आणि थंडोबाचा पाय जागच्या जागी थिजायचा. कठडा घट्ट धरून तो उरलेला चेहरा येईपर्यंत उभा राहायचा. यायचे ते वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर.

"काय हो, चक्कर येतेय का?"

"नाही नाही, या तुम्ही."

मास्तरांचे डोळे उघडे आहेत, ते बोलताहेत, याचा त्याला एवढा आनंद व्हायचा की तो उगाचच त्यांच्या हातातली पिशवी घ्यायचा आणि दारापर्यंत पोचवून यायचा. मास्तर घरी आपल्या बायकोला सांगायचे, खालचा माणूस म्हणजे सोनं आहे सोनं.

मग कामावरही तेच सुरू झालं. खोक्यांच्या थप्पीमागे वाकलेला हमाल उठून उभा राहिला की थंडोबाच्या हातातला स्क्रू सुटायचा. बसमध्ये, दुकानात, दवाखान्याच्या बाकावर त्याला ते चेहरे दिसू लागले. एकदा तर फोटोतल्या एकासारखीच बारीक हनुवटी असलेल्या तरुणामागे तो स्वतःचा स्टॉप सोडून उतरला आणि चपलांच्या दुकानापर्यंत गेला. काचेबाहेर उभा राहून बघत राहिला. तरुणाने बूट चढवले, दोन पावलं चालून बघितलं, अंगठ्याला चावतो म्हणून दुसरा जोड मागितला. तो वेगळाच कुणीतरी आहे हे थंडोबाला पुरतं ठाऊक होतं. तरी त्याला बरं वाटलं.

"तुम्ही हल्ली लोकांकडे असं काय बघता?" बायकोने एकदा विचारलं.

"कसं?"

"ओळख पटवायला बोलावल्यासारखं."

थंडोबा उठला आणि पेटीतले पाने काढून पुसायला बसला.

अशात एक दिवस फुलांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून फोन आला. कोल्ड रूम गार होत नाहीये, माल सडायला लागलाय, लगेच या. थंडोबा गेला. बाजाराच्या मागच्या बाजूला, ट्रक लागतात त्या ओट्याला लागून ती खोली होती. आत बादल्यांच्या रांगा, कागदात गुंडाळलेल्या गुलाबाच्या जुड्या, आणि ओल्या देठांचा हिरवट वास. दुकान एक तरुण बाई बघत होती. अंगात पुरुषी स्वेटर, बोटं गारठ्याने लाल झालेली. तिचे सासरे बाहेर टेबलाशी बसून गिऱ्हाइकांवर खेकसत होते.

बिघाड साधा होता. पाणी जायची नळी तुंबून आतल्या नळ्यांवर बर्फाचा जाड थर बसला होता, आणि पंखा बिचारा बर्फावरच वारा घालत होता. थंडोबाने बर्फ वितळवला, नळी साफ केली, यंत्र पुन्हा सुरू केलं. थंडी धरेपर्यंत तो दाराबाहेर टेकून उभा राहिला.

दाराशेजारच्या भिंतीवर एक छापील कागद चिकटवलेला होता. त्याच्यासमोर रिकामे क्रेट रचलेले होते, त्यामुळे कागदाचा वरचाच भाग दिसत होता. त्यावर एका माणसाचे केस होते, कपाळ होतं आणि भुवया होत्या. खालचं सगळं क्रेटच्या आड.

डावी भुवई मधोमध तुटलेली होती.

ती भुवई तो विसरणं शक्यच नव्हतं. आदल्या थंडीत एक चेहरा फोनवर उघडत असताना त्याला वाटलं होतं की मधली एखादी पट्टी यायची राहिली, म्हणून भुवईत फट पडलीय. रेंजचा घोळ असेल म्हणून त्याने तो फोटो बंद करून पुन्हा उघडला होता. पुन्हा तीच फट. मग त्याने तो बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ बघितला होता. ओले केस, वाढलेली दाढी, शांत चेहरा. आणि लिहिलं होतं, हा आमचा नाही.

त्याने वरचे दोन क्रेट उचलून बाजूला ठेवले. कागदावरचा माणूस हसत होता. खाली लिहिलं होतं, 'दिसल्यास कृपया कळवा', आणि दुकानाचा नंबर.

फुलवाली बादली घेऊन बाहेर आली. "झालं का गार?"

"होतंय," थंडोबा म्हणाला. "हे कोण?"

"माझे मिस्टर." तिने बादली खाली ठेवली. "बघितलंत का कुठे?"

"ही भुवई... ही अशीच आहे का? की छपाईत काही झालंय?"

"लहानपणी झोपाळ्यावरून पडले होते. तिथे केसच येत नाहीत." ती एक पाऊल पुढे आली. "का विचारलंत?"

पाना अजून थंडोबाच्या हातातच होता. तो पुसायचं त्याला सुचलं नाही. तो क्रेटवर बसला आणि जे होतं ते त्याने सांगितलं. मेहुणा बेपत्ता आहे, ठाण्यातून फोटो येतात, त्यातला एक असा होता. सांगता सांगता त्याचं त्यालाच कळलं की आपण हे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतोय.

सासरे केव्हा येऊन उभे राहिले ते दोघांना कळलं नाही.

"फोटो दाखवा," ते म्हणाले.

"नाहीये आता माझ्याकडे. पुसला."

"म्हणजे पुरावा नाही."

"नाही."

"एवढ्याशा फोनवर, एकदा बघितलेला चेहरा. आणि तुम्ही माझ्या मुलाला मारून मोकळे?" म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माझ्यावर रागावून गेलाय तो. राग शांत झाला की येईल. पोलिसांत जायचं नाही असं मी हिला सांगितलं होतं, तरी हिने हे कागद लावलेच. तुमचं काम झालं असेल तर निघा."

थंडोबा पेटी उचलून निघाला. गाडीत बसून दार लावणार, इतक्यात फुलवाली धावत आली आणि तिने दार धरलं.

"जिवंत नाहीत, असंच ना?"

"मला तसं वाटतं."

"वाटतं, की माहीत आहे?"

थंडोबाने तिच्याकडे बघितलं. "माहीत आहे."

तिने मान हलवली. "मला रोज सकाळी दोन उत्तरं तयार ठेवावी लागतात हो. आले तर काय बोलायचं, आणि नाही आले तर काय बोलायचं. दोन्ही पाठ करून ठेवायची. मी दमले." मग तिने दार सोडलं. "तो फोटो परत मिळेल का?"

संध्याकाळी थंडोबाने बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. भिंगरीचा शर्ट त्या ढिगात नव्हता, पण ती शोधल्यासारखी एकेक कपडा वरखाली करत राहिली.

"म्हणजे असंही झालं असेल," ती म्हणाली, "की आपला भिंगरी कुणाच्या तरी फोनवर उघडला असेल. त्यांनी बघितला असेल. आणि आपला नाही म्हणून सुटले असतील."

थंडोबा भिंतीला टेकला. इतके चेहरे बघितले, पण हा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता. कुठल्यातरी गॅलरीत कुणीतरी उभा आहे, अंगठ्याने चाक फिरवतोय, भिंगरीचे केस, भिंगरीचं कपाळ, आणि त्या माणसाचा श्वास मोकळा होतोय. त्याला तो माणूस अगदी स्पष्ट दिसला. त्याला त्या माणसाचा रागही येईना.

"तिला तिचा माणूस द्या शोधून," बायको म्हणाली. "बाकी काही बघू नका."

दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात गेला आणि फुलवालीचं सांगून तो पुसलेला फोटो परत मागितला. बाईंनी चष्मा वर करून त्याच्याकडे बघितलं.

"मी सगळे ठेवलेत," त्या म्हणाल्या. "नियम काय असेल तो असो, मला टाकवत नाहीत. आणि या लोकांची तक्रारच नव्हती, तर मी जुळवणार कशाशी?" त्या बराच वेळ कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसल्या. भुवईची खूण सांगितल्यावर मात्र लगेच म्हणाल्या, "हा होय. नदीत सापडला होता. पुलाखाली." मग त्यांनी विचारलं, "तुम्हालाच पाठवू ना?"

"मी तिच्यापाशी पोचलो की पाठवा. कळवतो."

फुलवाली बाजारामागच्या ओट्यावर वाट बघत उभी होती. कोल्ड रूममध्ये रेंज येत नसे, म्हणून ती उन्हात येऊन थांबली होती. हातातली कात्री तिने ठेवली नव्हती. फोन थरथरला. पिनेचं चिन्ह आलं.

"मी आधी बघू का?" थंडोबाने विचारलं. "तुम्ही नंतर बघा."

"नको. द्या माझ्याकडे. कसं करायचं?"

"हे दाबायचं. मग हे चाक. सावकाश येतं ते. वरून खाली."

तिने कात्री स्वेटरच्या खिशात टाकली आणि फोन दोन्ही हातांत धरला. थंडोबा तिच्या बाजूला उभा होता. पडद्याकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, म्हणून त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि कुठली पट्टी आली ते त्याला तिच्या चेहऱ्यावरच दिसत गेलं. फरशी आली तेव्हा काही नाही. केस आले तेव्हा तिचे ओठ किंचित उघडले. कपाळ आलं आणि फोन थबकला. ओट्याखाली एक ट्रक मागे घेत होता. कुणीतरी ओरडत होतं, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

मग पुढची पट्टी आली.

"बस," ती म्हणाली.

"अजून खाली आहे. चाक फिरवलं की..."

"नको. बस एवढं." तिने अंगठा चाकावरून काढून घेतला. मग तिने विचारलं, "त्रास झाल्यासारखे दिसत होते का?"

"नाही," थंडोबा म्हणाला, आणि ते खरं होतं. "केस ओले होते. चेहरा शांत होता. मी नीट बघितलं होतं."

सासरे दारात उभे होते. ते काही न विचारता पुढे आले, सुनेच्या हातातून फोन घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरला. चाकाचं कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ते शोधलं. ते फिरवत राहिले, थांबत राहिले, पुन्हा फिरवत राहिले. पार शेवटच्या पट्टीपर्यंत त्यांनी फोटो बघितला. मग म्हणाले,

"दाढी वाढवली होती होय त्याने."

आणि फोन थंडोबाच्या हातात देऊन ते कोल्ड रूममध्ये गेले आणि दार ओढून घेतलं. फुलवाली त्यांच्या मागे गेली नाही. "राहू दे त्यांना," ती म्हणाली. "तिथे बाहेरचं काही ऐकू येत नाही, आणि आतलं बाहेर येत नाही."

ठाण्यातले सोपस्कार व्हायला थोडे दिवस गेले. तो सापडला त्या नदीकाठच्या गावात बेवारसांना पुरायला नगरपालिकेने वस्तीबाहेर एक मैदान राखलं होतं. तिथे माणसांना नावं नव्हती, पत्र्याच्या पट्टीवर नंबर होते. थंडोबाने कंपनीची गाडी मागून घेतली. निघायच्या सकाळी सासूबाई चपला घालून दारात तयार उभ्या.

"तुम्ही कुठे?" थंडोबाने विचारलं.

"तुमच्याबरोबर. त्या पोरीबरोबर कुणी बाईमाणूस नको?"

"आई, तुला कुणी सांगितलं?" बायको म्हणाली.

"सांगायला कशाला हवं? हे गॅलरीत जातात, परत आले की तांब्याभर पाणी पितात आणि माझ्याकडे बघायचं टाळतात. एवढे दिवस एका घरात राहते, मला काय डोळे नाहीत?" त्या गाडीकडे चालू लागल्या. "तुम्ही दोघं माझ्यापासून लपवताय, म्हणून मीही गप्प बसले. म्हटलं, तेवढंच तुम्हाला बरं वाटत असेल."

रस्ताभर सासूबाई आणि फुलवाली मागच्या सीटवर होत्या. सासरे पुढे, मांडीवर एक फळी धरून. त्यावर त्यांनी मुलाचं नाव स्वतःच्या हाताने रंगवलं होतं, वळणदार, दुकानाच्या पाटीसारखं. कडेला जागा उरली म्हणून वेलबुट्टीही काढली होती, आणि मग ती बरी दिसेना म्हणून खरवडून टाकली होती.

मैदानातल्या रखवालदाराने नंबर बघून जागा दाखवली. मातीचा उंचवटा, त्यावर गवत. सासऱ्यांनी फळी रोवली. ती तिरकी बसली, त्यांनी उपटून पुन्हा रोवली. मग सगळे नुसते उभे राहिले आणि एकदम फुलवाली म्हणाली,

"फुलं राहिली."

कुणाला आधी कळलंच नाही.

"फुलं आणायची राहिली. आम्ही. आम्ही फुलं विसरलो." तिला हसू आलं. तोंडावर हात दाबूनही ते थांबेना, आणि हसता हसताच ती खाली बसली. सासूबाईंनी तिला कुशीत घेतलं तोवर हसणं संपून रडणं सुरू झालं होतं. तिचे सासरे मैदानाच्या कडेने चालत गेले आणि कुंपणाजवळ उगवलेली पिवळी रानफुलं मुठीत धरून घेऊन आले. आयुष्यभर फुलं विकलेला माणूस, पण देठ किती लांब ठेवायचे ते त्यांना त्या दिवशी जमलं नाही. फुलं माना टाकून मातीवर पडली.

परत निघताना सासूबाई रखवालदारापाशी थांबल्या.

"बाकीचे हे कुणाचे?"

"कुणाचे नाहीत आजी. म्हणून तर इथे आहेत."

"असं कसं कुणाचे नाहीत?" सासूबाई म्हणाल्या. रखवालदाराने खांदे उडवले. त्या मात्र तिथेच उभ्या राहिल्या. त्या रांगांवरून त्यांची नजर जाऊन येत होती, पुन्हा जात होती. शेवटी थंडोबाने दंडाला धरून त्यांना गाडीत बसवलं.

तुटक्या भुवईचा माणूस त्यानंतर थंडोबाला कधी दिसला नाही, जिन्यावर नाही, बसमध्ये नाही. बाकीचे दिसत राहिले. भिंगरी अजून सापडलेला नाही. फुलवालीचा मधूनमधून फोन येतो. यंत्राचं काहीतरी कारण काढते, मग विचारते, "काही कळलं?" तो म्हणतो, "नाही." मग ती जरा वेळ लाइनवर तशीच राहते, आणि त्यालाही फोन ठेवायची घाई नसते.

काही आठवड्यांनी एका सुट्टीच्या दुपारी सगळे घरात असताना टेबलावरचा फोन थरथरला. थंडोबाने नाव बघितलं आणि उठून गॅलरीकडे निघाला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "इथेच बसा."

"आई, नको. तुम्हाला बघवणार नाही."

"बसा म्हणते ना."

तो बसला. त्यांनी चष्मा पदराने पुसून डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची त्याच्या खुर्चीला लावली. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, मग तीही मागे येऊन उभी राहिली. थंडोबाने बटण दाबलं. फरशी आली. केस आले, कुरळे, भिंगरीसारखेच. कपाळ आलं. सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं. त्यांची नखं त्याला रुतली, पण त्याने हात हलवला नाही. मग डोळे आले, नाक आलं, आणि तो भिंगरी नव्हता.

बायकोला हुंदका फुटला. थंडोबाने उत्तर लिहायला अंगठा बटणांवर नेला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

"तो आपला नाहीये आई."

"कळलं मला. तरी थांबा जरा. कुणीतरी नीट बघायला नको का त्याला?"

थंडोबाने हात मागे घेतला. सासूबाई फोनवर वाकल्या. कुणाचा तरी मुलगा होता, भिंगरीच्याच वयाचा, ओठाच्या कोपऱ्यात लहानसा तीळ. पडद्याचा उजेड आपोआप विझला, तशी त्यांनी मान वर करून जावयाकडे बघितलं. त्याने एक बटण दाबलं आणि तो चेहरा पुन्हा उजळला.